घरची मजुरी

वहीत पहिला रकाना बियाण्याचा,
दुसरा खताचा, तिसरा डवऱ्याच्या भाड्याचा.
चौथ्यावर प्रणिता मसरामनं बोट ठेवलं :
"हा घरच्या मजुरीचा."
समाजमंदिरातल्या आम्ही एकवीस जणी
पदर तोंडाला लावून हसलो.
घरच्याची कधी मजुरी अस्ते काय बाई?
ती हसली नाही. म्हणाली, असू द्या कोरा,
पण खोडू नका.

तालुक्यापासून सतरा किलोमीटर,
त्यातले शेवटचे चार नुसते खड्डे.
ती स्कुटीवर यायची, मागे कामगंध सापळ्यांचं गाठोडं,
पायात माणसाचे बूट.
दर मंगळवारी, तुरीच्या धुऱ्यावर, शेतीशाळा.
श्रावणात एकदा सांगितलं, शेंडे खुडा.

देवराव म्हणाले,
"वाढत्या झाडाची मुंडी मोडते काय कोनी?
त्या पोरीले इचार, तिच्या बापाची तूर हाये काय."
मी भांडले नाही. सहा तासं मागून घेतली,
नाल्याकडची, जिथं तशीही तूर जळते.
चार दिवस, उन्हं उतरल्यावर.
बोटं हिरवी झाली, भाकरीला तोच वास,
धाकटा म्हणाला, आई, आज भाजी भाकरीतच घातली काय?

आठ दिवस ती सहा तासं
मुंडण केलेल्या पोरांसारखी ओशाळून उभी.
मग एका झाडाच्या बगलेतून फांदी,
तिच्या बगलेतून अजून एक.
देवराव बैल पाहायला म्हणून जायचे धुऱ्यावर.
बैल तर गोठ्यात होता.

दालमिलचा कागद तीनदा परत आला.
"सातबारा तुमच्या नावावर नाही."
माझ्या नावावर होतं ते एवढंच :
पंचफुला देवराव गेडाम, सातवी पास,
अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे.
चौथ्यांदा गटाच्या नावानं भरला.
अर्धे पैसे योजनेचे,
अर्धे आमच्या दर महिन्याच्या शंभर-शंभरचे.
मशीन आलं तेव्हा वीज नव्हती.
दोन दिवस आम्ही नुसतं पुसत बसलो त्याला.

तूर आधी पोत्यानं जायची,
अडत्या मूठभर तळहातावर घेऊन फुंकायचा
अन् त्याच फुंकरीत भाव उडून जायचा.
आता डाळ जाते किलोकिलोनं,
चुनी आमच्या शेळ्यांना.
कुसुमची पिशवी अजून वाकडी शिवली जाते,
पण वजन बरोबर असते.
सगळं जमलंच असं नाही.
सोयाबीनला त्या साली शेंगाच धरल्या नाहीत,
अन् त्याला शेतीशाळेकडेही उत्तर नव्हतं.

माघात एका रात्री हिशेबाला बसलो.
देवराव आकडे मोठ्यानं वाचत होते,
मी लिहीत होते. चौथा रकाना आला
अन् ते थांबले.
"तुये दिवस किती?"

निंदण, खत, फवाऱ्याचं पाणी,
सवंगणी, वेचणी, खळं.
बोटांवर, मग पेरांवर, मग कॅलेंडरवर
दुधाच्या खुणांच्या मधल्या जागेत मोजले.
एकशे बारा.
आपल्या गावात बाईचा रोज तीनशे.
गुणाकार केला तसा
खालचा नफा आखडत गेला,
धुतलेल्या सुती लुगड्यासारखा.

"कमी झाला नं," ते म्हणाले.
कमी नाई झाला, मी म्हटलं,
कोनाचा होता ते समजलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
बाहेर कोणाच्या तरी मोटारीचा आवाज,
रात्रपाळीची वीज आली होती, हरभऱ्याला पाणी चाललं होतं.
मी वही मिटायला लागले
तर त्यांनी पानावर हात ठेवला.
"अन् त्या शेंड्याच्या चार संध्याकाळी?
त्या धरल्या काय?"

नव्हत्या धरल्या.
मीच विसरले होते.

"लिही," ते म्हणाले, "अर्धे-अर्धे दिवस. दोन."
अन् मी एकशे बारा खोडून
बाजूला, जरा वाकडंच,
एकशे चौदा लिहिलं.